कच्च्या लिंबाचा हक्क

लगोरीच्या दोन बाजू पाडून झाल्या की एक पोर नेहमी उरायचं. कुणाचा तरी धाकटा भाऊ नाहीतर बहीण, चार-पाच वर्षांचं, मोठ्यांच्या मागं मागं आलेलं. त्याला घरी पिटाळावं तर ते भोकाड पसरणार, मग आई बाहेर येणार आणि सगळ्यांचाच डाव मोडणार. अशा वेळी मोठ्यांपैकी कुणीतरी निकाल देऊन टाकायचं : हे कच्चं लिंबू. तेवढ्या दोन शब्दांत सगळं ठरून जायचं. कच्चं लिंबू खेळात असे. ते धावे, चेंडूमागं पळे, पाळी आली की चार पावलं पुढं येऊन नेम धरे. पण चेंडू पाठीत बसला तरी ते बाद होत नसे आणि त्याच्या चुकीचा भुर्दंड त्याच्या बाजूला पडत नसे. भावांच्या टोळीत मी दोन उन्हाळे कच्चं लिंबू होते. तिसऱ्या उन्हाळ्यात, कुणी काही जाहीर न करता, मला बाद धरायला लागले. त्या दिवशीचा आनंद मला अजून आठवतो.

पोरांनी पोरांसाठी काढलेल्या या रिवाजात शिकण्याबद्दलची मोठी समज आहे. जो शिकतो आहे त्याला खेळाबाहेर बसवायचं नाही, आणि तो तयारच आहे असं धरून त्याला शिक्षाही करायची नाही. ही समज आज आपल्या प्राथमिक शाळेच्या मैदानावर यायला हवी, असं मला फार मनापासून वाटतं. पहिली ते चौथीच्या प्रत्येक मुलाला धावायला, उडी मारायला, फेकायला, झेलायला, तोल सावरायला शिकवणं हे शाळेचं काम आहे, आणि त्यातही ते वर्गशिक्षकाचं काम आहे. सध्या बहुतेक शाळांत ते कुणाच्याच वाट्याला दिलेलं नाही.

यातला ‘शिकवणं’ हा शब्द अनेकांना खटकेल. धावणं-फेकणं काय शिकवायचं, ते मुलाला येतंच की! चालण्याबद्दल हे खरं आहे. रांगणं, धरून उभं राहणं, पहिलं पाऊल टाकणं हे वयानं येतं. घरातले फार तर बोट धरतात. चेंडू वरून फेकणं मात्र वयानं येत नाही. 1938 साली अमेरिकेत मोनिका वाइल्ड यांनी लहान मुलांच्या फेकीचा बारकाईनं अभ्यास करून तिचे टप्पे मांडले. अगदी लहान मूल पाय जमिनीत रोवून नुसत्या कोपरातून चेंडू ढकलतं. पुढं कंबरेपासून अंग वळायला लागतं, पण पाय हलत नाहीत. मग पाऊल पडतं, तेही ज्या हातात चेंडू त्याच बाजूचं. सगळ्यात शेवटी उलट बाजूचं पाऊल पुढं पडतं, कंबर आधी फिरते, तिच्यामागून खांदा, मग कोपर, मग मनगट, आणि चेंडू सुटल्यावरही हात अंगासमोरून खाली जातो. चाबकाच्या मुठीत दिलेला झटका टोकापर्यंत जावा तसं हे आहे. शेवटच्या टप्प्यावर कधीच न पोचलेली मोठी माणसं आपल्या आजूबाजूला पुष्कळ आहेत. त्यांच्या हातांत काही कमी नव्हतं. त्यांना कुणी दाखवलं नाही आणि पुरेशा वेळा फेकायला मिळालं नाही, एवढंच.

ज्यांना मूलभूत हालचाल-कौशल्यं म्हणतात त्यांची ढोबळ तीन घराणी आहेत. एका घराण्यात जागा बदलायच्या हालचाली येतात : धावणं, लंगडी, उडी, झेप, घोडा-घोडा, आडवं सरकणं. दुसऱ्यात वस्तूशी झटापट : फेकणं, झेलणं, लाथाडणं, टप्पे देणं, दांडूनं मारणं. तिसऱ्यात स्वतःच्या अंगाला सावरणं : एका पायावर उभं राहणं, वळणं, लोळणं, आणि उडीनंतर गुडघे वाकवून अलगद उतरणं. पुढं मूल कबड्डी खेळो, क्रिकेट खेळो, भरतनाट्यम शिको किंवा नुसती बस पकडायला धावो, त्याच्या अंगात हाच मालमसाला लागतो. आपल्या जुन्या खेळांत तो ठासून भरलेला होता. लगोरीत नेम, हुलकावणी आणि घाईघाईत सात ठिकऱ्या रचण्याची हातोटी. आट्यापाट्यांत पाटीवर आडवं सरकणं. सूरपारंब्यांत झाडावर चढणं आणि पारंबीला लोंबकळून उतरणं. विटीदांडूत हवेत उडालेल्या, नीट न दिसणाऱ्या लहानशा वस्तूवर काठी बसवणं, आणि हे तर क्रिकेटच्या फलंदाजीपेक्षाही कठीण म्हणावं लागेल.

1980 साली व्हर्न सीफेल्ट या अभ्यासकानं एक विचार मांडला. या हालचाली आणि पुढचे खेळ यांच्यामध्ये एक उंबरठा असतो. ज्या मुलाच्या अंगी या हालचाली पुरेशा मुरलेल्या नाहीत, त्याला तो ओलांडता येत नाही; ते दारातच राहतं. सहावी-सातवीत मैदानाच्या कडेला चप्पल सांभाळत बसणारी मुलं आठवून पाहा. आपण म्हणतो, त्याला खेळाची आवड नाही. ज्या मुलाला झेल येत नाही त्याला क्रिकेटची आवड कुठून लागणार? शब्द जोडून वाचता न येणाऱ्या मुलाला कथेची आवड नाही असं म्हणण्याइतकंच हे अन्यायाचं आहे.

आता वयाकडे येते, कारण माझ्या म्हणण्याचा कणा तिथं आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलाला विचारा, तुला किती जोरात पळता येतं? ‘सगळ्यांत जोरात!’ वर्गातली सगळीच मुलं हे सांगतील आणि सगळ्यांचाच त्यावर विश्वास असेल. या वयात स्वतःच्या कसबाचा अंदाज खऱ्यापेक्षा फुगलेला असतो, आणि ही निसर्गाची मोठी कृपा आहे, कारण आपण वाईट फेकतो हे ठाऊक नसल्यामुळं ते मूल पन्नास वेळा फेकतं. निसर्गानं प्रत्येक मुलाला काही वर्षं कच्चं लिंबू म्हणून ठेवलेलं असतं, असं म्हटलं तरी चालेल. आठ-नऊच्या सुमाराला हे बदलतं. मूल शेजारच्याकडे पाहायला लागतं, तुलना करायला लागतं, आणि त्याचा स्वतःबद्दलचा अंदाज बराचसा खरा ठरायला लागतो. ज्याला येतं ते आणखी खेळतं, आणि खेळून त्याला आणखी येतं. ज्याला येत नाही ते हळूच बाजूला होतं, आणि बाजूला झाल्यामुळं त्याला आणखी येईनासं होतं. डेव्हिड स्टॉडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 साली हे चक्र मांडलं आणि त्यावर तेव्हापासून जगभर काम चालू आहे. म्हणजे पहिली, दुसरी, तिसरी हीच खरी मोक्याची वर्षं. चौथीनंतर शिकता येत नाही असं मुळीच नाही. पण तेव्हा कौशल्यासोबत लाजेशीही झगडावं लागतं.

आणि नेमक्या याच वर्षांना आपल्या कायद्यानं मोकळं सोडलं आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची उघडून पाहा. मैदान हवं असं तिथं म्हटलं आहे. ते केवढं हवं हे सांगितलेलं नाही. प्रत्येक वर्गाला गरजेप्रमाणे खेळाचं साहित्य द्यावं, हेही आहे. पण आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक द्यायचा तो सहावी ते आठवीला, आणि तोही पटसंख्या शंभरावर असेल तर. पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. तेच भाषा शिकवणार, तेच गणित, तेच पोषण आहाराचा हिशोब ठेवणार. ज्या वयात दार उघडं असतं तिथं शिकवणारा नाही, आणि शिकवणारा येतो तोवर अर्धी मुलं दारातून परत गेलेली असतात. बालभारतीनं ‘खेळू, करू, शिकू’ हे पुस्तक प्राथमिक वर्गांसाठी काढलं, त्याचं नावच किती समंजस आहे. पण पुस्तकातल्या चित्रावरून झेल शिकता येत नाही, आणि शिकवताही येत नाही.

मोजमापाचंही असंच. खेलो इंडियाच्या शालेय तंदुरुस्ती चाचणीत पाच ते आठ वर्षांच्या मुलांसाठी तीन गोष्टी आहेत : उंची-वजनाचं गुणोत्तर, एका पायावरचा तोल, आणि हातानं दोन तबकड्यांना आळीपाळीनं झटपट स्पर्श करणं. तोल आहे हे चांगलं. पण फेकणं नाही, झेलणं नाही, लंगडी नाही, उडी नाही. जे तपासलं जात नाही त्याच्याकडे शाळेचं लक्ष जात नाही, हे शाळेत काम केलेल्या कुणालाही सांगायची गरज नाही. अमेरिकेतले डेल उलरिच यांनी 1985 मध्ये लहान मुलांसाठी जी चाचणी तयार केली तिचा मला आवडणारा भाग असा की ती चेंडू किती लांब गेला हे मोजत नाही. पाऊल उलट बाजूचं पडलं का, कंबर फिरली का, फेकल्यावर हात पुढं गेला का, एवढंच पाहते. लांबी ही उंचीवर, ताकदीवर, सकाळी पोटात काय गेलं यावर अवलंबून असते. पाऊल मात्र शिकवलेलं दिसतं. गुडघ्याएवढ्या मुलातही दिसतं.

मग शाळेत शारीरिक शिक्षण म्हणून होतं काय? कवायत होते. सावधान, विश्राम, हात वर, हात बाजूला, एक-दोन-तीन-चार. शिस्तीसाठी तिचा उपयोग असेल, पण सगळ्यांनी एकाच वेळी एकच ठरलेली हालचाल करण्यात मुलाला काहीच ठरवावं लागत नाही. येणाऱ्या चेंडूचा अंदाज नाही, अंगावर येणाऱ्या गड्याला चकवणं नाही. लेझीम मात्र सोनं आहे. पायांचा ठेका वेगळा, हातांचा वेगळा, मधेच वाकणं, वळणं, उडी, आणि हे सगळं तालात. पण लेझीम डिसेंबरात बाहेर निघते, ‘चांगली’ वीस-पंचवीस मुलं निवडली जातात आणि 26 जानेवारी झाली की ती परत कपाटात जाते. ज्या मुलाचे पाय तालात पडत नाहीत त्यालाच लेझमीची सगळ्यांत जास्त गरज असते, आणि तेच पहिल्या दिवशी बाजूला काढलं जातं.

क्रीडा दिनाचंही तसंच. चमचा-लिंबू, पोत्याची शर्यत, संगीत खुर्ची. संगीत खुर्चीत जे मूल सगळ्यांत हळू ते पहिलं बाहेर. पुढची पंधरा मिनिटं ते इतरांना धावताना पाहत बसतं. ज्याला सरावाची गरज सर्वाधिक त्याच्या वाट्याला सराव सगळ्यांत कमी, असा खेळ आपण सहा वर्षांच्या मुलांसाठी मुद्दाम निवडतो. गल्लीतल्या पोरांना हे कळत होतं, म्हणून त्यांनी कच्चं लिंबू काढलं. शाळेला का कळू नये?

याहून मनाला लागणारी एक गोष्ट आहे. वर्गात दंगा केला की मैदानाला पाच फेऱ्या. गृहपाठ राहिला की उठाबशा. गणितात मागं पडलं की ‘आज तुला खेळाचा तास नाही.’ हालचाल ही शिक्षाही झाली आणि काढून घ्यायचं बक्षीसही. अंग हलवण्याबद्दल मुलाच्या मनात काय बसत असेल याचा विचार करताना मला नेहमी वाटतं, की कुठल्याच शाळेत ‘दंगा केलास, आता पाच कविता वाच’ असं सांगत नाहीत. कवितेला आपण जपतो. पायांनाही तसंच जपावं.

आता एक साधा हिशोब. चाळीस मुलांचा वर्ग, पस्तीस मिनिटांचा तास, एक चेंडू, एक रांग. सर समोर उभे राहून चेंडू टाकतात, मूल झेलतं, परत फेकतं, रांगेच्या शेवटी जातं. एका मुलाला वीस सेकंद धरा. मिनिटाला तीन पाळ्या, पस्तीस मिनिटांत एकशे पाच. म्हणजे एका मुलाला तीनपेक्षाही कमी झेल. बाकीची तेहतीस-चौतीस मिनिटं रांगेत ढकलाढकली, आणि मग सर म्हणणार, पोरं फार दंगा करतात. त्याच वर्गात वीस चेंडू आणले आणि जोड्या लावल्या, तर मिनिटाला प्रत्येकी पाच झेल सहज होतात. दहा मिनिटांत पन्नास. वीस चेंडू कुठून आणायचे? चिंध्यांचे करायचे. जुन्या साडीचा गोळा, वरून सुतळीची जाळी किंवा जुना मोजा. नव्यानं झेलणाऱ्याला चिंध्यांचा चेंडूच उत्तम, कारण तो उसळत नाही आणि लागत नाही. टणक चेंडू अंगावर आला की लहान मूल तोंड फिरवतं, डोळे मिटतं आणि हात ताठ पुढं करतं. चेंडू दिसलाच नाही तर झेलणार कसा? ही भीती एकदा बसली की काढायला वर्ष जातं. त्याआधी फुगा, मग रुमाल, मग चिंधी, मग रबर, अशी पायरी धरली तर भीती बसतच नाही.

फेकीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इथं मुलींचा प्रश्न येतो आणि तो मला माझ्याच अंगावरून ठाऊक आहे. मी दहा वर्षांची झाले तेव्हा लगोरीतून सागरगोट्यांकडे गेले. कुणी मनाई केली नाही. घरातल्या, शेजारच्या मुली जिथं बसायच्या तिथं मीही जाऊन बसले. सागरगोटे हा हाताचा आणि नजरेचा थोर खेळ आहे. उडवलेला गोटा डोळ्यांनी धरून ठेवायचा आणि त्याच वेळी हातानं खालचे गोळा करायचे. फुगडीत दोन देहांचा तोल एकमेकींच्या हातांवर असतो. मंगळागौरीतला कोंबडा खेळून पाहा, उकिडवं बसून उड्या मारताना मांड्या पेटतात. म्हणजे मुलींच्या खेळांत कसब कमी नव्हतं. पण त्यांत फेकणं आणि मारणं जवळजवळ नव्हतं, आणि मुलांच्या खेळांत ताल आणि फेर जवळजवळ नव्हता. गावानं शरीराचे धडे दोन पुस्तकांत वाटून टाकले आणि प्रत्येकाला एकच पुस्तक दिलं.

या वाटणीचे परिणाम मोजले गेले आहेत. जेरी थॉमस आणि कॅरेन फ्रेंच यांनी 1985 मध्ये मुलामुलींच्या हालचालींवरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा सगळ्यांत मोठी दरी फेकण्यात दिसली, आणि तीही अगदी लहान वयापासून. हे जन्मजातच असावं असं अनेकांनी मानलं. पण पुढं थॉमस यांच्याच गटानं ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी मुलामुलींची फेक तपासली. ज्या समाजात बायकाही शिकारीसाठी फेकत आल्या, तिथल्या मुलींमध्ये आणि मुलांमध्ये फरक होता, पण इतरत्र सापडला त्यापेक्षा कमी. निसर्गाचा वाटा किती आणि रिवाजाचा किती यावर वाद चालू राहील. माझ्यासाठी एवढं पुरेसं आहे की रिवाजाचा वाटा आहे आणि तो शाळेला बदलता येतो. ‘मुलीसारखं फेकतोस’ हे वाक्य ज्या मैदानावर ऐकू येतं, तिथल्या शिक्षकांनी त्या मुलीच्या पायांकडे पाहावं. उलट पाऊल टाकायला तिला कधी कुणी सांगितलं होतं का? तसंच मुलांना झिम्मा आणि फुगडी खेळायला लावावं. तोल आणि ताल त्यांनाही हवा आहे.

मोकळं सोडा, मुलं आपोआप शिकतील, असं म्हणणारे माझे मित्र आहेत आणि त्यांच्या मनातली कळकळ मी ओळखते. शाळेनं प्रत्येक गोष्टीचा तास केला की ती मरते, हे त्यांचं दुःख खरं आहे. पण सॅम्युएल लोगन आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र केले, तेव्हा दिसलं ते असं की ज्या मुलांना या हालचाली आखून-दाखवून शिकवल्या त्यांच्यात चांगली प्रगती झाली, आणि ज्यांना नुसतं मोकळं खेळू दिलं त्यांच्यात म्हणावी तशी झाली नाही. मग आपल्या गल्लीत पोरं कशी शिकली? माझं उत्तर असं की गल्लीतला खेळ मोकळा नव्हताच. तिथं पाच वर्षांपासून पंधरा वर्षांपर्यंतची पोरं एकत्र होती. मोठा विटी कशी कोलायची ते दाखवायचा, चुकलं की ओरडायचा, हात धरून परत मारायला लावायचा, आणि हे रोज तीन-तीन तास चालायचं. तो शिक्षकच होता, फक्त त्याला पगार नव्हता. आज शाळेच्या मधल्या सुट्टीत एकाच वयाची चाळीस मुलं पेव्हर ब्लॉकवर दहा मिनिटं सोडली, तर ती गल्ली होत नाही.

आणि ती गल्ली परत यावी असं मी म्हणणारही नाही. रस्ते गाड्यांनी भरले, शाळा सुटली की शिकवणी, संध्याकाळी मोबाइल, हे सगळ्यांना दिसतं. पण गल्लीतही सगळे नव्हते. न्हाण येण्याआधीच मुली घरात गेल्या. वस्तीतली मुलं गावातल्या डावात घेतली जात नसत. पोलिओ झालेला मुलगा पारावर बसून गुण मोजायचा, आणि त्याला मोजायला आवडतं असं सगळे समजायचे. कच्च्या लिंबाचा उदारपणाही जातीच्या आणि अंगणाच्या कुंपणाआतलाच होता. शाळा ही एकच जागा अशी आहे जिथं कायद्यानं सगळी मुलं येतात. म्हणून जे गल्लीनं काहींना दिलं ते शाळेनं सगळ्यांना द्यायचं आहे. न दिसणाऱ्या मुलासाठी घुंगराचा चेंडू, चाकाच्या खुर्चीतल्या मुलीसाठी बसून फेक. तिलाही कंबर फिरवायला शिकवता येतं.

खेड्यातल्या मुलांना हे नको, ती दिवसभर हुंदडतातच, असंही ऐकू येतं. त्यात थोडं तथ्य आहे. राखणीला बसलेल्या मुलाच्या हातातली गोफण पाहिली की फेक कशाला म्हणतात ते कळतं, आणि असं मूल वर्गात असेल तर शिक्षकानं त्यालाच दाखवायला पुढं बोलवावं. पण हंडा वाहणं, धाकट्याला कडेवर घेऊन फिरणं, ऊसतोडीच्या फडात मोळ्या ओढणं याला हालचालीचं शिक्षण म्हणू नये. ओझं त्याच त्या स्नायूंना एकच काम पुन्हा पुन्हा करायला लावतं. बीडहून हंगामाला गेलेल्या कुटुंबातलं मूल कित्येक महिन्यांनी शाळेत परततं तेव्हा ते थकलेलं असतं. त्याला सगळ्यांत जास्त खेळ हवा असतो.

निपुण भारत अभियान 2021 मध्ये सुरू झालं तेव्हापासून तिसरीपर्यंत वाचन आणि अंकज्ञान पक्कं करण्याचा आग्रह वाढला आहे. तो योग्यच आहे. त्यामुळं हालचालीचा मुद्दा मांडला की लगेच कुणीतरी मदतीला येतं : खेळल्यानं गणित सुधारतं असं सांगा म्हणजे साहेब ऐकतील. मला हा आधार घ्यायचा नाही. सुधारत असेल तर आनंद आहे. पण मुलाच्या पायांना गणिताच्या शिफारशीवर मैदानात प्रवेश मिळावा, हे मला मान्य नाही. उद्या सिद्ध झालं की लंगडीनं गुणाकार येत नाहीत, तर लंगडी बंद करणार का? शरीर हे मुलाचं पहिलं घर आहे. त्या घरात त्याला निर्धास्त फिरता यावं, एवढं कारण मला पुरतं.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताचे पुरुष आणि महिला दोन्ही संघ जिंकले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. 1914 साली पुण्यात डेक्कन जिमखान्यानं ज्या खेळाला नियमांची चौकट दिली तो शतकानंतर जगापुढं गेला, याचा मला अभिमान आहे. पण त्या सामन्यांतला खांबावरचा सूर, एका पावलावरचं वळण, हुलकावणी पाहताना मनात सारखं येत होतं, की असे सूर मारू शकली असती अशी किती मुलं तिसरीतच कडेला बसली असतील. आणि ज्यांनी विश्वचषक कधीच खेळला नसता, पण चाळिशीत मुलाबरोबर चेंडू फेकायला आनंदानं अंगणात उतरली असती, ती किती?

करायचं काय, ते फार अवघड नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं 1996 मध्ये अशा अकरा कौशल्यांची एक पुस्तिका काढली. ती वर्गशिक्षकांसाठी होती, क्रीडाशिक्षकांसाठी नव्हे. आपल्याकडे तशी मराठी पुस्तिका निघू शकते, आपल्या खेळांतून, आपल्या शब्दांत. आसपासच्या शाळांच्या केंद्रपातळीवरच्या शिक्षण परिषदेत दर महिन्याला एक कौशल्य शिक्षकांनी स्वतः करून पाहावं. आठवड्यातून तीन दिवस वीस-वीस मिनिटं. एका कौशल्याला तीन-चार आठवडे, घाई न करता. रांगा नकोत, बाद होणं नको. लंगडी उजव्यानं झाली की डाव्यानं. प्रगतिपुस्तकात शारीरिक शिक्षणाच्या रकान्यात डोळे झाकून ‘अ’ लिहिण्याऐवजी तीन साध्या नोंदी : पाऊल पडतं, कंबर फिरते, हात पुढं जातो.

आणि फेक शिकवायला मैदानही लागत नाही. शाळेची मागची भिंत पुरते. भिंतीपासून आठ-दहा पावलांवर खडूनं पावलांचे दोन ठसे काढायचे, आडवे. मूल त्यावर उभं राहिलं की त्याचा खांदा आपोआप भिंतीकडे होतो. पुढं तिसरा ठसा, पाऊल टाकायला. भिंतीवर नेमाचं वर्तुळ काढायचं नाही, निदान पहिले पंधरा दिवस तरी नाही. नेम सांगितला की मूल आखडतं, कोपर अंगाशी घेतं आणि चेंडू हळूच सोडतं. त्याला एवढंच सांगायचं : खांदा भिंतीकडे, पाय टाक, आणि भिंत हलली पाहिजे एवढ्या जोरात मार. चिंध्यांचा चेंडू भिंतीवर आपटला की धप्प आवाज होतो. पाऊल बरोबर पडलं की तो आवाज बदलतो, भरीव होतो, आणि फेकणाऱ्याला तो सगळ्यांत आधी ऐकू येतो. तिसरीतली एखादी मुलगी अशा वेळी थांबते, स्वतःच्या हाताकडे पाहते, आणि चेंडू आणायला धावत सुटते.